कामाची ओळख

मुलांनो, प्रवासात किंवा एखाद्या समारंभात दोन अपरिचित माणसे भेटली, की 'आपण काय करता?' हा प्रश्न हटकून निघतो. कोणी नुसते हुद्द्याचे नाव सांगून मोकळा होतो, तर कोणी स्वतःची स्तुती करू लागतो. पहिल्याचे उत्तर ऐकणारा विसरून जातो. दुसऱ्याचे ऐकून त्याला कंटाळा येतो. मग आपल्या कामाची ओळख करून द्यावी तरी कशी? दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात याचे सुंदर उत्तर सापडते.

१९११ साली मुंबईत दादासाहेबांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक विदेशी चित्रपट पाहिला. आपल्या देशातही असे चित्रपट निर्माण व्हावेत, या ध्यासाने त्यांना पछाडले. १९१२ साली विलायतेस जाऊन त्यांनी ती विद्या शिकून घेतली. परंतु चित्रपट काढण्यास द्रव्य हवे होते. ज्या धंद्याची कोणास माहिती नाही, त्यात पैसा कोण घालणार? द्रव्य न मिळते, तर सारे कष्ट वाया जाते.

दादासाहेबांनी लांबलचक व्याख्यान दिले नाही. त्यांनी कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढत असता कित्येक दिवस ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. रोपाची वाढ इतकी मंद असते, की ती डोळ्यांना जाणवत नाही. पण तीच चित्रे पडद्यावर एकामागून एक भराभर सरकू लागताच पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर मातीतून वर आला आणि वाढू लागला! हा चिमुकला चित्रपट म्हणजे 'अंकुराची वाढ'. तो पाहून दादासाहेबांना कर्ज मिळाले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

या ओळखीचे मर्म काय? मटाराचे रोप सर्वांच्या परिचयाचे होते. म्हणून त्याच्या आधारे अपरिचित कला सहज समजली. खेळ अगदी थोडक्यात आटोपला. मुख्य म्हणजे, दादासाहेबांनी कामाची थोरवी सांगितली नाही. कामाचा एक लहानसा नमुनाच पुढे ठेवला.

हे आपल्यालाही साधेल. 'मी मडकी घडवतो' एवढेच न सांगता एखादा कुंभार म्हणाला, 'उन्हाळ्यात तुमच्या घरचे पाणी मी गार ठेवतो,' तर ऐकणारा सहज विचारील, 'ते कसे?' मग मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी थंड होते, हे त्याला सांगता येईल. एवढे सांगून थांबावे आणि समोरच्याच्या कामाचीही आस्थेने चौकशी करावी. कारण ओळख ही दोन्ही बाजूंनी व्हावयाची असते.

मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. दादासाहेबांना अंकुर दाखवता आला, कारण त्यांनी आधी दाणा पेरला होता.