सोसायटीतली सावर खरंच मेली आहे का?

आजचा एपिसोड आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका मेसेजमुळे होतोय. "गेटजवळचं झाड वाळलंय, कोणाच्या गाडीवर पडायच्या आधी तोडून टाकू." हे झाड म्हणजे काटेसावर. जानेवारीत अंगावर एक पान नाही, खोडावर नुसते काटे. बघणाऱ्याला मेलंय असंच वाटणार.

शाळेत आपण ऑटम म्हणजे शरद असं पाठ केलं. पण आपल्याकडे शरदात, म्हणजे आश्विन-कार्तिकात, झाडं हिरवीगार असतात. खरी पानगळ शिशिरातली. थंड देशांत दिवस लहान झाले, गारठा वाढला की पानं जातात. आपल्याकडे मुख्य भानगड पाण्याची. पानांवरच्या बारीक छिद्रांतून पाण्याची सतत वाफ होत असते. पाऊस संपून जमीन सुकत गेली की हा खर्च झाडाला झेपत नाही.

मग झाड काय करतं? आधी पानातला नायट्रोजन, फॉस्फरस जमेल तेवढा परत फांद्यांत ओढून घेतं. (नोकरी सोडताना लॅपटॉप परत देण्याआधी आपण आपले फोटो काढून घेतो ना, तसंच.) हरितद्रव्य मोडलं की आधीपासूनच आत असलेला पिवळा रंग दिसायला लागतो. मग देठाच्या बुडाशी असलेला पेशींचा पातळ थर सुटा होतो, पान पडतं आणि जखम बुचासारख्या थराने बंद होते.

आता गंमत ऐका. हे सगळं करायला झाड जिवंत लागतं! तोडलेल्या फांदीवरची पानं वाळतात, पण बराच काळ तशीच लटकत राहतात, कारण देठ सोडवणारं कोणी उरलेलं नसतं. म्हणजे आमच्या सावरीने पानं स्वच्छ गाळली, हीच तिच्या बाजूची साक्ष.

तरी खात्री म्हणून मी एका बारीक फांदीची साल नखाने खरवडली. आत ओलसर हिरवं. फोटो ग्रुपवर टाकला. सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, पण फांदी पडली तर जबाबदार कोण?" प्रश्न चुकीचा नाहीच. मी म्हटलं, "काका, धोक्याच्या फांद्या महापालिकेला विचारून छाटून घेऊ. अख्खं झाड कशाला?" तसंही १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरात झाड असं परस्पर तोडता येत नाही.

मीटिंग येत्या रविवारी आहे. दरम्यान फांद्यांवर गोलसर, काळपट कळ्या धरल्यात, आणि दोन साळुंक्या रोज सकाळी येऊन तपासून जातायत.