शर्यतीचे इंजिन : नाव कोणाचे, काम कोणाचे

‘कॉसवर्थ’ हे नाव प्रथम ऐकणाऱ्यास ते इंग्लंडातील एखाद्या खेड्याचे असावे असे वाटते. केनिलवर्थ, टॅमवर्थ अशी ग्रामनामे त्या देशात पुष्कळ आहेत, आणि त्यांतील ‘वर्थ’ म्हणजे प्राचीन इंग्रजीत कुंपण घातलेली वस्ती. हे नाव मात्र कोणत्याही गावावरून आलेले नाही. माइक कॉस्टिन ह्यांच्या आडनावाचा पूर्वार्ध व कीथ डकवर्थ ह्यांच्या आडनावाचा उत्तरार्ध सांधून ते १९५८ साली तयार झाले. शर्यतीच्या मोटारींची इंजिने बांधणाऱ्या ज्या लहानशा व्यवसायाला ते मिळाले, त्याच्या इतिहासात नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे, असा प्रकार वारंवार आढळतो. त्याचे मूळ अशा कारखान्यातील कामाच्या पद्धतीतच आहे.

कॉस्टिन व डकवर्थ दोघेही लोटस ह्या मोटार-कंपनीतले. कॉस्टिन ह्यांनी डी हॅव्हिलंड ह्या विमान-कंपनीत उमेदवारी केलेली, तर डकवर्थ लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकलेले. व्यवसायाचे निम्मे नाव कॉस्टिन ह्यांचे असले, तरी करारामुळे त्यांना १९६२ पर्यंत लोटसमध्येच राहावे लागले. आरंभीची वर्षे, उत्तर लंडनमधील जागेत, गाडा रेटला तो मुख्यतः डकवर्थ ह्यांनी. पुढे बेन रूड आले. त्यांचे यंत्रकामाचे स्वतःचे दुकान होते, आणि धातू कापण्या-घासण्यातील त्यांचे कौशल्य ह्या व्यवसायाच्या पायाशी आहे. व्यवसायाच्या नावात मात्र त्यांच्या आडनावाचे एकही अक्षर नाही. १९६४ मध्ये कारखाना नॉर्दॅम्प्टनला गेला.

पहिले यश मिळाले ते दुसऱ्याच्या इंजिनावर. फोर्डच्या अँग्लिया मोटारीचे ९९७ घन सेंटिमीटरचे इंजिन मूळ सुमारे ४० अश्वशक्तीचे. ‘फॉर्म्युला ज्युनिअर’ शर्यतींसाठी कॉसवर्थने ते जवळजवळ दुप्पट शक्तीचे केले. ह्यात चमत्कार काही नव्हता. हवा व इंधन आत घेण्याचा आणि धूर बाहेर टाकण्याचा मार्ग मोकळा करणे, व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या कॅमचा आकार बदलणे, आणि प्रत्येक सुटा भाग आराखड्यातील मापाशी तंतोतंत जुळवणे, एवढेच ते काम होय. ह्या शेवटच्या क्रियेला इंग्रजी कारागिरांनी ‘ब्लूप्रिंट’ ह्या नामाचेच क्रियापद केले आहे. आराखडा कागदावर असतो आणि तो इंजिनात उतरवणे हे निराळे काम आहे, ही जाणीव त्या क्रियापदात आहे.

हे निराळे काम करणारा तो ‘बिल्डर’. आपल्याकडील गॅरेजांतही इंजिन ‘खोलतात’ आणि ‘बांधतात’. ‘बांधणे’ म्हणजे येथे नुसते भाग जोडणे नव्हे. बांधणारा प्रथम प्रत्येक भाग धुऊन मापतो. क्रँकशाफ्टचा फिरता भाग व त्याचे बेअरिंग ह्यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते. ती कमी पडली तर तेलाचा थर टिकत नाही. जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो. पिस्टन व कनेक्टिंग रॉड तराजूत तोलून एकमेकांशी सारखे केले जातात. क्रँकशाफ्टच्या टोकाला अंशांच्या खुणा असलेली तबकडी बसवून प्रत्येक व्हॉल्व्ह नेमका कोठे उघडतो हे पाहिले जाते. बोल्ट ठरलेल्या ताणानेच आवळावा लागतो. प्रत्येक माप तक्त्यावर लिहिले जाते, कारण काही शर्यतींनंतर इंजिन पुन्हा खोलायचे असते, आणि काय झिजले हे त्या तक्त्यावरूनच कळते. शेवटी इंजिन शक्तिमापक यंत्राला जोडून चालवतात. तेथे आवाजातील बारीकसा फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याने पुष्कळदा इंजिन फुटण्यापूर्वीच थांबवलेले असते. हे ज्ञान तक्त्यावर येत नाही. ते एकाच्या शेजारी दुसरा उभा राहून शिकतो, आणि माणसे थोडी असतील तेथेच हे शेजारपण सहज लाभते.

१९६६ पासून ग्रां-प्री शर्यतींतील इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटरवर गेली. लोटसचे कॉलिन चॅपमन ह्यांनी फोर्ड कंपनीकडे खटपट केली, फोर्डचे वॉल्टर हेज ह्यांनी ती उचलून धरली, आणि एका लाख पौंडांत दोन इंजिने करून देण्याचे काम कॉसवर्थकडे आले. मोठ्या मोटार-कंपनीच्या हिशेबात ही रक्कम क्षुल्लकच होती. पहिले इंजिन चार सिलिंडरांचे ‘एफ.व्ही.ए.’, दुसरे आठ सिलिंडरांचे ‘डी.एफ.व्ही.’. ‘एफ.व्ही.’ म्हणजे प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. त्याची दुप्पट म्हणून आधी ‘डबल’चा ‘डी’. एका यशस्वी रांगेला दुसरी जोडली, हा विचारच ते नाव सांगते. इंजिन मोटारीच्या सांगाड्यावर ठेवायचे नसून तेच सांगाड्याचा मागचा अर्धा भाग व्हावे, अशी ह्या दुसऱ्याची रचना होती. ४ जून १९६७ रोजी झांडव्होर्ट येथे, आपल्या पहिल्याच शर्यतीत, ते जिम क्लार्क ह्यांच्या मोटारीत विजयी झाले.

परंतु त्याच शर्यतीत आघाडीवर असलेल्या ग्रॅहम हिल ह्यांच्या मोटारीला थांबावे लागले. कॅम फिरवणाऱ्या गिअरचे दाते तुटले होते. हा दोष पुढेही पिच्छा सोडीना. दाते कागदावरील हिशेबाप्रमाणे पुरेसे बळकट होते. हिशेब ज्या भारावर बेतला होता, तो भारच चुकीचा ठरला. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला क्षणात मागे खेचत, क्षणात पुढे ढकलत, आणि ह्या हिसक्यांमुळे दात्यांवर अपेक्षेच्या कितीतरी पट ताण येत असे. दाते आणखी जाड करून भागले नसते. अखेर डकवर्थ ह्यांनी तो गिअर दोन भागांचा केला व त्यांच्यामध्ये पिळले जाणारे बारीक दंड बसवले. हिसका त्या दंडांनी सोसावा, दात्यांनी नव्हे. आरंभीच्या विजयांच्या वर्णनांत ह्या गिअरचा उल्लेख क्वचितच येतो. इंजिने खोलून तुटके दाते टेबलावर मांडणाऱ्या फिटरांचा तर येतच नाही. पण दोष कागदावर सापडला नाही, तो त्या टेबलावर दिसला, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१९६८ पासून हे इंजिन इतर संघांनाही विकत मिळू लागले, आणि त्याबरोबर एक नवाच धंदा उभा राहिला. इंजिने इतकी झाली की ती पुन्हा पुन्हा खोलून बांधण्याचे काम अन्य लहान कारखान्यांकडे वाटले गेले. जॉन जड ह्यांनी जॅक ब्रॅबम ह्यांच्यासह रग्बी येथे १९७१ मध्ये काढलेला कारखाना त्यांपैकी एक. ह्या इंजिनाने १९८३ पर्यंत १५५ ग्रां-प्री शर्यती जिंकल्या. निकालांच्या अधिकृत याद्यांत मात्र ‘लोटस-फोर्ड’, ‘मॅक्लारेन-फोर्ड’, ‘टिरेल-फोर्ड’ अशा जोड्या वाचावयास मिळतात. पैसा फोर्डचा होता, तेव्हा नावही त्यांचे, हा व्यवहार समजण्यासारखा आहे. डकवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनीही तो करारानेच पत्करला होता. तरीपण यादी वाचून इतिहास लिहिणाऱ्याची फसगत होते, कारण जोडनावातील दुसरे पद त्याला कर्त्याचे वाटते, वस्तुतः ते आश्रयदात्याचे असते. मध्ययुगीन देवळांवरील दानलेख ज्यांनी वाचले आहेत त्यांना हा घोटाळा नवा वाटणार नाही. तेथेही ‘बांधविले’ आणि ‘बांधले’ ह्यांतील एक ‘वि’ पुष्कळ काही सांगून जातो.

१९८० मध्ये कॉसवर्थ एका मोठ्या उद्योगसमूहाकडे गेले. थोड्याच काळाने तेथील दोन अभियंत्यांनी, मारिओ इलियन व पॉल मॉर्गन ह्यांनी, स्वतंत्र व्यवसाय काढला. नाव ठेवण्याची पद्धत त्यांनी जुनीच वापरली. ‘इल’ व ‘मॉर’ मिळून ‘इलमॉर’. त्यांच्या इंजिनाने १९८८ पासून अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत लागोपाठ सहा वर्षे जिंकली, आणि त्या इंजिनावर नाव होते शेव्हरोले. कारखाना मात्र नॉर्दॅम्प्टनजवळच्या एका खेड्यात होता. त्या खेड्याचे नाव ब्रिक्सवर्थ, आणि ते खरोखरीचे गाव आहे.