सार्वजनिक ग्रंथालये व इलेक्ट्रॉनिक ग्रंथ

संगणक, भ्रमणध्वनी किंवा वाचनयंत्र यांच्या पडद्यावर वाचावयाच्या ग्रंथास इलेक्ट्रॉनिक ग्रंथ म्हणतात. अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला गुटेनबर्ग प्रकल्प हा या क्षेत्रातील आद्य प्रयत्नांपैकी एक होय. २००७ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीचे ‘किंडल’ हे वाचनयंत्र बाजारात आल्यावर अशा ग्रंथांचा प्रसार वाढला आणि संग्रह, देवघेव व जतन या ग्रंथालयाच्या तिन्ही कार्यांविषयी नवे प्रश्न निर्माण झाले.

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये छापील ग्रंथांच्या आधारे वाढली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने अशा संस्थांना शासकीय अनुदानाचा आधार दिला. नवी मुंबई हे शहर मात्र सिडको या महामंडळाने १९७० नंतर वसविले व तेथे १९९२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. अशा नव्या शहरात जुन्या संग्रहांचा वारसा नसल्याने इलेक्ट्रॉनिक संग्रह सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. त्यास जागा कमी लागते, ग्रंथ जीर्ण होत नाहीत आणि दृष्टी अधू असलेल्यांना अक्षरे मोठी करून वाचता येतात.

तथापि मालकीच्या दृष्टीने दोहोंत मूलभूत भेद आहे. विकत घेतलेली छापील प्रत ग्रंथालयाची मालमत्ता होते व ती एकामागून एक कितीही वाचकांना देता येते. इलेक्ट्रॉनिक ग्रंथाचा बहुधा केवळ मुदतीचा परवाना मिळतो. त्याच्या अटी प्रकाशक ठरवितो व मुदत संपताच ग्रंथ संग्रहातून नाहीसा होतो. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने २०१९ मध्ये नव्या ग्रंथाची पहिल्या आठ आठवड्यांत एकच इलेक्ट्रॉनिक प्रत प्रत्येक ग्रंथालय-व्यवस्थेस देण्याचे धोरण अवलंबिले. ग्रंथालयांच्या विरोधानंतर २०२० मध्ये ते मागे घेण्यात आले. भारतीय कॉपीराइट अधिनियमातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. मात्र त्या ग्रंथाची छापील वा तत्सम प्रत त्याच्याजवळ आधीपासून असावी लागते. म्हणजे ही सवलतही मूळ संग्रहावरच अवलंबून आहे.

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटलेले साहित्य सामान्यतः सर्वांस खुले होते. मराठी विश्वकोशासारखे शासकीय ग्रंथही संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. परंतु समकालीन मराठी साहित्य सर्वांस अल्प वर्गणीत मिळावयाचे, तर ग्रंथालयांना इलेक्ट्रॉनिक ग्रंथ विकत घेण्याचा व तो उसना देण्याचा स्पष्ट हक्क कायद्याने मिळणे आवश्यक आहे. तोपर्यंत छापील संग्रह व शांत वाचनकक्ष हेच सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य बळ राहील.