विश्लेषण : भीती टिकवायची, पण खेळाडूला अडकवायचे नाही! भयखेळांतील कोड्यांचा तोल कसा साधतात?

सांगोला तालुक्यातील एक माळ. मध्यरात्र उलटलेली, शेतीची वीज नुकतीच आलेली. किल्ली विहिरीच्या तळाशी आहे आणि वर दोन पुरुष पाणी. मोटार सुरू केली तर पाणी उपसेल. पण त्या आवाजाने डाळिंबाच्या बागेत दबा धरून बसलेले 'ते' जागे होईल. 'सर्व्हायव्हल हॉरर' गेममध्ये शोभेल असा हा कल्पित प्रसंग. त्यातले कोडे किती अवघड असावे, हा दोन-चार जणांच्या छोट्या स्टुडिओसाठी पोटापाण्याचा प्रश्न असतो.

पैशांचा संबंध काय?

'स्टीम'वर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. सुरुवातीलाच एखाद्या कोड्यापाशी तासभर अडकलेला खेळाडू हाच मार्ग धरू शकतो.

भयखेळात कोडी कशासाठी?

'कॅपकॉम'च्या 'रेसिडेंट ईव्हिल'ने (१९९६) याचा पाया पक्का केला. गोळ्या मोजक्या, सामान ठेवायला जागा मोजकी आणि हवेलीभर कुलपे. जिथून पळून यावेसे वाटते, तिथेच किल्लीसाठी परत जावे लागते. भीती या फेऱ्यांतून वाढते. कोडे फारच सोपे असेल तर ती फेरी टळते. फारच अवघड असेल तर भीती विरून चिडचिड उरते.

तोल कुठे ढळतो?

उत्तर खेळाबाहेर असते तेव्हा. 'सायलेंट हिल ३'मध्ये (२००३) कोड्यांची सर्वांत अवघड पातळी निवडल्यास पुस्तकांच्या दुकानातले कोडे शेक्सपिअरची नाटके ठाऊक असल्याशिवाय सुटणे कठीण होते. त्याआधीच 'सायलेंट हिल २'ने (२००१) लढाई आणि कोडी यांच्या काठिण्यपातळ्या वेगळ्या ठेवून निवड खेळाडूवर सोडली होती.

मग विहिरीचे कोडे कसे रचावे?

थ्री-फेज मोटारीच्या पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे असतात. पिवळा विझला असेल तर एक फेज गेला, हे सांगोल्यातले पोरही सांगेल. मुंबईतल्या खेळाडूला ते कसे कळणार? म्हणून आधीच्या खोलीत म्हाताऱ्या शेतकऱ्याची चिठ्ठी ठेवायची : तिन्ही दिवे लागल्याशिवाय बटण दाबू नये. फ्यूजची तार गोठ्यात ठेवायची, म्हणजे अंधारातली एक फेरी आणि बॅटरीचा एक सेल खर्ची पडेल. तार वाया गेली तर दुसरी कुठेतरी सापडलीच पाहिजे. नाहीतर खेळ कायमचा अडकतो.

तोल साधला, हे कसे ओळखतात?

गेम कधीही न पाहिलेल्या माणसाला खेळायला बसवतात आणि बनवणारा मागे गप्प उभा राहतो. चिठ्ठी दिसलीच नाही, तर तिच्यावर उजेड वाढवायचा. दिसली पण समजली नाही, तर मजकूर बदलायचा. दोन्ही जमूनही माणूस अडला, तर कोडेच बदलायचे.

उत्तर सापडल्यावर खेळाडूने 'हे आधीच दिसायला हवे होते' म्हणत कपाळाला हात लावला, तर कोडे जमले. 'हे मला कसे कळणार होते?' असे विचारले, तर चूक बनवणाऱ्याची.