कर्ज फिटेल, पण डॉक्टर टिकेल?

फेब्रुवारीतली रात्र. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका गोठ्यात पहिलटकरू कालवड अडली आहे. वासराची मान मागे वळलेली. डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालून ती सरळ करतात, पुढच्या पायांना साखळी अडकवतात आणि कळ येईल तशी ओढ देतात. डॉक्टर जवळपास असतील तर दोन्ही जीव वाचू शकतात. दोन तासांवर असतील, तर शेतकऱ्याला एकट्यालाच झुंजावं लागतं.

अमेरिकेच्या ग्रामीण भागात असे डॉक्टर कमी पडत आहेत. शिक्षणासाठी कर्ज काढलेला पशुवैद्य पदवी घेतो तेव्हा त्याच्या डोक्यावर सरासरी दीड लाख डॉलरहून अधिक बोजा असतो. शहरात कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात कमाई बरी आणि कामाच्या वेळा ठरलेल्या. आपल्याकडे गावाची भिस्त मुख्यतः सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांवर असते. तिथे ती खासगी डॉक्टरवर. त्याची फी शेतकऱ्याने द्यायची, आणि गायीच्या किमतीपुढे खर्च गेला की शेतकऱ्याचाही नाइलाज होतो.

म्हणून 2003 मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा केला. त्याखाली कृषी खात्याने 2010 पासून कर्जफेडीची मदत सुरू केली. पशुवैद्यांची टंचाई कुठे आहे, हे त्या त्या राज्याचे पशुआरोग्य अधिकारी कळवतात. तिथे तीन वर्षं काम करण्याचा करार केला की सरकार कर्जाचे हप्ते थेट कर्ज देणाऱ्या संस्थेला भरतं. अनेक वर्षं ही मदत वर्षाला 25,000 डॉलरपर्यंत, म्हणजे एकूण 75,000 होती. मात्र ती करपात्र उत्पन्न धरली जाते. तो कर योजनेच्याच निधीतून भरावा लागतो, आणि तेवढ्या डॉक्टरांची संधी हुकते. हा कर माफ करणारी विधेयकं काँग्रेसमध्ये वारंवार मांडली गेली आहेत.

कॅन्ससने 2006 मध्ये आणखी आधीच्या टप्प्यावर सुरुवात केली. तिथे विद्यार्थी शिकत असतानाच निवडला जातो, वर्षाला कर्ज (सुरुवातीला 20,000 डॉलर) मिळतं आणि कमी वस्तीच्या परगण्यात केलेल्या प्रत्येक वर्षाच्या कामामागे तेवढंच माफ होतं. गावाची ओढ असलेली मुलं आधीच हेरणारी ही वाट मला अधिक शहाणपणाची वाटते.

हा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या भल्याचा नाही. मार्च 2024 मध्ये टेक्सास आणि कॅन्ससच्या दुभत्या गायींमध्ये बर्ड फ्लू आढळला. या रोगाने गायींचं दूध अचानक आटलंय, हे गोठ्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तिथे डॉक्टरच नसेल, तर रोगाची खबर उशिरा लागते आणि झळ साऱ्या देशाला बसते.

तीन वर्षांनी करार संपतो. पुढे डॉक्टर गावात राहतो की नाही, हे जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा आणि रात्रीच्या फोनची पाळी वाटून घेणारा सहकारी यांवर ठरतं. कर्जफेड त्याला गावापर्यंत आणते. त्याच परगण्यात दुसरा डॉक्टर आला, तरच पहिल्याला एखादी रात्र निवांत झोप मिळेल, आणि तो टिकेल.