एक कनेक्शन, दोन छपरं

आज बोलायचंय इंटरनेटविषयी. विषय अवघड वाटला तरी आहे आपल्या रोजच्यातलाच. आपल्या बोअरचं पाणी नळी टाकून शेजारी देतो ना, तसं एका इमारतीतलं इंटरनेट दुसऱ्या इमारतीत कसं न्यायचं ते बघू. वायर न ओढता आणि कमी पैशात.

धर्माबाद म्हटलं की लाल मिरची आलीच. धरा, तुमच्या गटाचं ऑफिस गावात आहे आणि तिथं वायरीचं इंटरनेट आलंय. मिरची कांडपाचं शेड मात्र गावाबाहेर, ३०० मीटरवर. शेड पत्र्याचं, आणि पत्रा लहरी अडवतो, म्हणून आत फोन चालत नाही. गिऱ्हाइकानं पैसे पाठवले का, ते कळत नाही. ई-केवायसीचं पान उघडत नाही. मग बाई आपला फोन गावात जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती देते, ओटीपीसुद्धा सांगून टाकते. फसवणूक होते ती अशाच वेळी. म्हणून गटाच्या कामाच्या जागी गटाचं स्वतःचं इंटरनेट असणं ही चैन नाही.

आता उपाय बघू, स्वस्तापासून सुरुवात करून.

दोन इमारती अगदी जवळ, २०-३० मीटरवर असतील तर आधी काहीच विकत घेऊ नका. ऑफिसातला राऊटर कपाटामागून काढा आणि समोरच्या इमारतीकडच्या खिडकीत ठेवा. कधी कधी एवढ्यावरच काम भागतं. अंतर १०० मीटरच्या आत असेल तर इंटरनेटची केबल ओढता येते. त्यापुढं ही साधी केबल नीट काम करत नाही. शिवाय उघड्यावरून नेलेल्या तांब्याच्या तारेला विजांचा धोका असतो.

अंतर जास्त असेल तर छपरावर लावायच्या डब्यांची जोडी मिळते. दुकानात ‘आउटडोअर सीपीई’ म्हणून मागा. साधा राऊटर लहरी चहूकडे फेकतो, कंदिलाच्या उजेडासारख्या. हे डबे त्या एकाच दिशेला फेकतात, बॅटरीच्या झोतासारख्या. म्हणून थोड्या विजेवर, ५ ते १० वॅटमध्ये, ते एक-दोन किलोमीटर सहज जातात. एक डबा साधारण ३ ते ५ हजारांना येतो. जोडी, केबल आणि लोखंडी पाइप धरून ८ ते १२ हजारांची तयारी ठेवा. बाजारात दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

हे नवं खूळ नाही. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं २००६ च्या सुमारास अशाच वाय-फायनं गावागावांतली डोळे तपासणी केंद्रं जोडली. गावातल्या बाईला डॉक्टर रुग्णालयात बसून पडद्यावर तपासू लागले. आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीनं, प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या पुढाकारानं, ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून सात गावांपर्यंत इंटरनेट नेलं. त्यांना गावं जोडायची होती, आपल्याला दोन छपरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे देण्याआधी ऑफिसच्या छपरावर चढा आणि शेडचं छप्पर दिसतंय का बघा. दिसतंय तर पोचतंय, हा हिशेब लक्षात ठेवा. पण नुसती फटीतून दिसणारी रेघ पुरत नाही. लहरी सुताच्या धाग्यासारख्या सरळ जात नाहीत. त्यांना काकडीच्या आकाराची मोकळी जागा लागते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली. ३०० मीटरला मधोमध त्या रेघेच्या चारही बाजूंनी दोन मीटर तरी मोकळं असावं. मध्ये कडुनिंब असेल तर विशेष जपा. पानगळीत बघितलं तर पलीकडचं छप्पर लख्ख दिसतं. पुढं पालवी फुटते, पावसात पानं भिजतात आणि ओला पाला लहरी पिऊन टाकतो. म्हणून झाडं भरात असताना बघा, नाहीतर पाइप उंच घ्या. शेजाऱ्याचा वरचा मजला चढणार असेल तर तेही आधीच विचारून घ्या.

जोडणी करताना दोन्ही डबे आधी एकाच खोलीत टेबलावर ठेवून एकमेकांशी जोडून घ्या. एक देणारा, एक घेणारा. दोन्हींत बोलणं झालं की मगच छपरावर चढवा. वर गेल्यावर चुकी शोधणं जड जातं. मग एकीनं डबा हळूहळू फिरवावा, दुसरीनं फोनवर सिग्नलचा आकडा वाचावा. हा आकडा उणे असतो. उणे ५० ते उणे ६५ म्हणजे चांगला, उणे ८० म्हणजे दिशा चुकली किंवा मध्ये काहीतरी आडवं आलंय. डबा पत्र्याच्या बाहेर ठेवा आणि केबल आत घ्या. वीजही त्याच केबलमधून वर जाते. केबल बाहेर वापरायची, काळ्या जाड आवरणाची घ्या. आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथंच ठिबकून जाईल.

आपल्याकडं अवकाळीत विजा फार. पाइपला अर्थिंग करून घ्या आणि गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढून ठेवा. विजा चमकत असताना छपरावर कुणीही जायचं नाही.

काही गोष्टी या जोडीनं होत नाहीत, त्याही ऐका. मूळ कनेक्शनचा वेग वाढत नाही, तो वाटला जातो. एका टोकाची लाइट गेली की जोडीचं काम थांबतं, म्हणून छोटी बॅटरी ठेवा. आणि ओटीपीचा मेसेज सहसा मोबाइलच्या रेंजवरच येतो, तो घ्यायला शेडच्या बाहेर यावंच लागेल.

परवान्याचं काय? २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी २००५ पासून, आणि ५ गिगाहर्ट्झमधल्या बऱ्याच लहरी २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात. डबा भारतात मान्यता असलेला घ्या. दुसऱ्या इमारतीत इंटरनेट न्यायला कनेक्शन देणाऱ्याची हरकत नाही ना, तेही विचारा. गावाला पैसे घेऊन इंटरनेट द्यायचं असेल तर वाट वेगळी. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात छोट्या दुकानदारालाही परवाना न काढता वाय-फाय विकता येतं.

हिशेबही मांडा. शेडला वेगळं कनेक्शन महिना ५०० रुपयांत मिळत असेल तर वर्षाचे ६,००० झाले. ९,००० ची जोडी दीड वर्षात फिटते. तिथं वायर येतच नसेल तर प्रश्नच मिटला. पण छप्पर दिसत नसेल आणि कनेक्शन मिळत असेल, तर कनेक्शनच घ्या.

शेवटचं सांगते. पासवर्ड बसवणाऱ्या पोरापाशी राहू देऊ नका. दुकानातून आलेला बदला, नवा लांबलचक ठेवा आणि गटाच्या वहीत लिहून वही कुलपात ठेवा. दोघी जणींनी जोडणी शिकून घ्या, एक गावाला गेली तर दुसरी असेल. पुढच्या बैठकीत एवढंच करा: दोघी-तिघींनी मिळून छपरावर चढा आणि पलीकडं काय दिसतं ते बघा. त्याला पैसे लागत नाहीत.