आठ तुकडे, दुसरा वेचा

सकाळी सहा. नोव्हेंबरात उमापूरच्या रानात या वेळी कापूस दवानं ओला असतो. ओल्या कापसाचं वजन खोटं. तोवर आठ गोण्यांवर मार्करनं आकडे टाकतो.

साडेआठ. बायका आल्या. एरवी वेचणी किलोवर, जिचा कापूस तिच्या गाठोड्यात. मला तो तुकड्यावार वेगळा हवा, म्हणून आज रोजानं. शिवाय प्रत्येकीला प्रत्येक तुकड्यात एक ओळ. नाहीतर चपळ हाताचं श्रेय खताला जायचं. "वेचायचं का परीक्षा द्यायची, दादा?" मावशी विचारतात.

अकरा. बांधावर वही उघडली. प्रश्न चार: जवळची लागवड, युरिया तीन हप्त्यांत, शेंडा खुडणं आणि लाल्यासाठी, म्हणजे पानं लाल पडू नयेत म्हणून, मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी. होय-नाही धरून सोळा जोडण्या होतात; रान आठ तुकड्यांपुरतंच. म्हणून पहिल्या तीन प्रश्नांत एक किंवा तिन्ही 'होय' असतील तिथंच फवारणी केली. ही काटछाट डी. जे. फिनी यांनी 1945 साली मांडली, दोन वर्षांनी सी. आर. राव यांनी तिचं गणित आणखी व्यापक केलं. मी प्रयोग आखायला शिकलो ते पानसे-सुखात्मे यांच्या 1954 च्या पुस्तकावरून.

दुपारी दोन. घोळ! पाच नंबरचा ओटीभर कापूस तीनच्या गोणीत पडला. वरचा थर उपसला, पण नेमका किती निघाला कोण सांगणार? वहीत 'संशय' लिहिलं.

पाच. वजनं झाली, चहा झाला, बायका गेल्या.

रात्री आठ. प्रत्येक प्रश्नाला 'होय'च्या चार गोण्यांतून 'नाही'च्या चार वजा. तीच आठ वजनं चारही प्रश्नांना पुरतात, हीच यातली गंमत. दोन-दोन प्रश्नांच्या जोड्यांचे धरून सात फरक निघतात. ते लहान-मोठे लावले की चिल्लर शून्याजवळ गोळा होते आणि खरं कारण बाजूला उठून दिसतं. कथबर्ट डॅनियल यांनी 1959 मध्ये याचाच आलेख दिला. शेंडा उठून दिसतोय. एका जोडीचा फरकही मोठा आहे, पण तो लागवड-युरियाचा की शेंडा-फवारणीचा, हे आठ तुकडे सांगत नाहीत. अर्ध्या रानाची ती किंमत.

तीन आणि पाच दोन्ही खुडलेले, त्यामुळे शेंड्याचा आकडा शाबूत. त्यांच्यात फरक लागवडीचा आणि युरियाचा. ते दोन्ही आकडे डळमळले.

तिसरा वेचा बाकी आहे. त्या दिवशी एका वेळी एकच गोणी रानात.